कढईत उकळतं ते पाणी

प्रश्न : (पत्र मोठं आहे, थोडक्यात देते. नाव-गाव ताईंच्या सांगण्यावरून गाळलं आहे.) यवतमाळ जिल्ह्यात एका फाट्यावर या ताईंच्या घरचं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. रोज आलुबोंडा, भजे आणि समोसे, बाजाराच्या दिवशी मुंगवडे. सासरे गेल्यापासून कढई सासूबाईंच्या हाती आहे. त्यांचा नियम पक्का : "तेल उकयल्याबिगर घाणा टाकू नोको, लोकायच्या पोटात दुखते." म्हणून धूर निघेपर्यंत तेल तापवायचं. संध्याकाळी उरलेलं झाकून ठेवायचं आणि सकाळी त्यातच नवं ओतायचं. एकदा उकळलं की त्यातलं वाईट सगळं मरतं, असं त्यांचं म्हणणं. अकरावीत विज्ञान शिकणारी मुलगी म्हणते, तेल कढईत कधी उकळतच नाही, आणि वापरलेलं तेल रोज फेकून दिलं पाहिजे. यजमान म्हणतात, रोज तेल फेकायचं तर हॉटेलला कुलूप लावा. इकडे ताईंचे डोळे चुरचुरतात, सासूबाईंचा खोकला जात नाही, दोन-तीन गिऱ्हाइकांनी घसा खवखवतो अशी तक्रार केली. गेल्या महिन्यात तर कढईने पेट घेतला. ताई विचारतात : "सासूबाईंना दुखवायचं नाही, पोरीला खोटं पाडायचं नाही आणि धंदाही बुडवायचा नाही. तिघांत खरं कोणाचं?"

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, एक वाक्य आहे : "शेजारचा पोरगा पाण्याची बादली घेऊन धावला, मी त्याला ढकललं, परात उपडी घातली, आणि मग अर्धा तास माझे हात थरथरत होते." सुरुवात मी तिथूनच करते. त्या दिवशी तुम्ही जे केलं, त्यामुळेच आज आपण तेलाच्या हिशेबावर निवांत बोलू शकतोय.

त्या पोराचा काही दोष नाही. आग दिसली की पाणी, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. पण पाणी तेलापेक्षा जड. ते पेटत्या तेलाच्या खाली जातं, आणि खाली तर ३०० अंशांच्या वर तापलेलं तेल. क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफेला मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. तेवढी जागा मिळवायला ती वर उसळते आणि जळतं तेल सोबत घेऊन उडते. वर टिनाचं छप्पर, बाजूला सिलिंडर. तुम्ही पोराला ढकललंत ते बरं केलंत.

आता तुमचा प्रश्न. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याची गोष्ट सांगते. पुऱ्यांसाठी गॅसवर तेल ठेवलं होतं. तेवढ्यात दारात बैलजोडी आली म्हणून ओवाळायला गेले. बैलांचे पाय धुतले, नैवेद्य दिला, गड्याला बोजारा दिला, दोन शब्द बोलले. आत आले तर स्वयंपाकघर निळसर धुराने भरलेलं, डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. गॅस बंद केला आणि पदर नाकाला लावून कढईत पाहिलं. तेल आरशासारखं गुळगुळीत होतं. काठावरून धुराचे धागे निघत होते, पण पृष्ठभागावर एकही बुडबुडा नव्हता. पेटायच्या बेतात आलेलं तेल, आणि उकळीचा पत्ता नाही. तोपर्यंत मीही तुमच्या सासूबाईंसारखंच समजत होते की तेल आधी उकळतं आणि मग त्यात तळायचं.

तेव्हा पहिल्या मुद्द्यावर तुमची मुलगी बरोबर आहे. पाणी १०० अंशांना उकळतं. तसं तेल उकळायचं तर त्याला इतकं तापवावं लागेल, की तिथे पोचायच्या आधीच तेलाचे लांबलचक रेणू तुटायला लागतात. आधी धूर येतो आणि मग भडका उडतो. आपल्या कढईत तेलाची उकळी येतच नाही, तिच्या आधी आग येते.

मग घाणा टाकल्यावर जे खदखदतं ते काय? ते पाणी. आलुबोंड्याचा घोळ पाण्यात कालवलेला असतो, आणि आतल्या बटाट्यात तर पाऊण हिश्श्याहून जास्त पाणीच. १७०-१८० अंशांच्या तेलात बोंडा पडला की वरच्या थरातल्या पाण्याची लगेच वाफ होते आणि ती तेलातून वाट काढत वर येते. हेच ते बुडबुडे, हाच तो आवाज. बोंडा तांबूस होत येतो तसे बुडबुडे विरळ होतात आणि चर्रर्र आवाज बारीक होतो, कारण वरच्या पापुद्र्यातलं पाणी संपत आलेलं असतं. तुमच्या सासूबाई इतकी वर्षं झारा घालायची वेळ डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त ठरवत असतील. त्यांना विचारून पाहा. ते पाण्याचं बोलणं त्यांना पाठ आहे, फक्त त्या त्याला तेलाची उकळी म्हणतात.

सकाळी, घाणा टाकायच्या आधीच, तुमच्या कढईत बुडबुडे दिसत असतील तर त्याचंही कारण हेच. रात्रभर ठेवलेल्या तेलात बेसनाचा चुरा आणि कांद्याचे तुकडे तळाशी असतात, त्यांत ओल असते. झाकणाखाली जमलेले पाण्याचे थेंबही तेलात पडतात. तेल तापायला लागलं की ती ओल तडतडते. सासूबाई जिला उकळी म्हणतात ती बहुतेक हीच असावी. ती शांत झाल्यावर तेल गुळगुळीत होतं, त्याला हलक्या लाटा दिसायला लागतात, आणि तळायची खरी वेळ ती. पण सासूबाई तिथे थांबत नाहीत, धुराची वाट पाहतात.

त्या धुराची वाट का पाहतात, हे मला तुमच्या सगळ्या प्रश्नात महत्त्वाचं वाटतं. सासूबाई चुकीचं शिकल्या असं मला अजिबात वाटत नाही. त्या दुसऱ्या तेलावर शिकल्या. त्यांच्या लहानपणी घरात घाणीवरचं जवसाचं किंवा फल्लीचं, म्हणजे भुईमुगाचं, तेल असणार. ते कच्चं, उग्र वासाचं, त्यात पेंडीचा गाळ. ते कढवून घेतल्याशिवाय भाजीला वास यायचा. कापसाच्या या मुलखात सरकीचं तेलही आलं, आणि सरकीचं न शुद्ध केलेलं तेल काळपट-तांबडं असतं. त्यात गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, ते पोटाला चांगलं नाही, आणि कारखान्यात शुद्ध करताना ते निघून जातं. कच्च्या तेलाबद्दलची भीती काही उगाच नव्हती.

आता धुराचं पाहा. जवसाच्या कच्च्या तेलाला साधारण १०७ अंशांवर धूर यायला लागतो. फल्लीच्या कच्च्या तेलाला १६० च्या आसपास. म्हणजे त्या काळी फल्लीच्या तेलातून धूर निघाला की तेल तळण्याच्या उंबरठ्यावर आलं, असा सरळ अर्थ होता. खूण बरोबरच होती. पण आज तुमच्या १५ किलोच्या डब्यात शुद्ध केलेलं सोयाबीनचं तेल आहे, आणि त्याला धूर येतो सुमारे २३० अंशांना. सासूबाई खूण तीच पाळतात, पण त्या खुणेपर्यंत पोचायला तेल सत्तर अंश जास्त तापलेलं असतं. त्यात चुलीचा किंवा मोठ्या शेगडीचा जाळ लवकर आवरत नाही. शिवाय तेल पाण्यापेक्षा भराभर तापतं, तेवढंच वजन तेवढंच तापवायला पाण्याच्या साधारण निम्मी उष्णता पुरते. धुरापासून भडक्यापर्यंतचं अंतर अशा वेळी फार थोडं उरतं. गेल्या महिन्यात तेच झालं.

एवढं मात्र सासूबाईंच्या बाजूने नक्की म्हणेन. कोमट तेलात घाणा टाकू नये, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. बोंड्यातून वाफ जोराने बाहेर येत असते तोवर ती तेलाला आत येऊ देत नाही. तेल नीट तापलेलं नसेल तर वरचा पापुद्रा वेळेवर धरत नाही, बोंडा जास्त वेळ पोहत राहतो आणि मेणचट होतो. "लोकायच्या पोटात दुखते" हे या अर्थाने बरोबर आहे. तेलकट बोंडा जड पडतोच. तेव्हा त्यांना सांगताना "तुमचा नियम चुकीचा" असं सांगू नका, कारण ते खोटं आहे. "आई, तेल बदललं, आता त्याची खूण बदलायला पाहिजे" असं सांगा.

खूण कोणती? घोळाचा हरभऱ्याएवढा थेंब तेलात सोडा. तळाशी जाऊन बसला तर तेल अजून थंड आहे. खाली जाऊन लगेच वर आला, भोवती बुडबुडे धरले आणि फुलला, तर घाणा टाका. पडता पडताच लाल झाला तर जाळ कमी करा आणि दोन मिनिटं थांबा. ही खूण सासूबाईंना नवी नाही, फक्त धुराच्या आधी ती बघायची सवय लावायची आहे. मुलीला तळणाचा तापमापक आणून द्या. काही शे रुपयांत मिळतो, त्याची काडी तेलात बुडवायची आणि तळाला टेकू द्यायची नाही. आठवडाभर तिने रोज आजीला विचारावं, "आजी, आता झालं का?" आणि आजीने हो म्हटलं की आकडा बघावा. मला वाटतं आजीच्या कानाचा आणि आकड्याचा मेळ बघून पोरगी चाट पडेल, आणि धुराच्या वेळचा आकडा बघून आजी विचारात पडेल. दोघींना एकमेकींकडून शिकायला मिळेल असा हा एकच खेळ मला सुचतो.

आता "उकळलं की सगळं मरतं". रोगजंतूंपुरतं पाण्याच्या बाबतीत हे बहुतांशी खरं आहे, दुधाच्या बाबतीतही. उकळून पिणं ही सवय आपल्याकडे खूप जीव वाचवून गेली आहे. १८० अंशांच्या तेलातही जंतू उरत नाहीत. पण तेलात अडचण जंतूंची नसतेच. पाणी कितीदा उकळलं तरी पाणीच राहतं. तेल मात्र तापवलं की दर वेळी थोडं थोडं दुसरंच काही होत जातं.

ते कसं, तर तुमच्याच कढईत पाहा. बोंड्यातून येणारी वाफ तेलाच्या रेणूंना फोडते आणि त्यातून आम्ल सुटं होतं. हे सुटं आम्ल वाढलं की तेलाला धूर लवकर यायला लागतो. २३० ला धुरणारं तेल मग १८० लाच धुरतं, आणि सासूबाईंना वाटतं तेल आज लवकर तयार झालं. खरं तर ते लवकर संपलेलं असतं. हवेतला प्राणवायू तेलाला लागतो, त्याने खवट वास येतो. आणि जास्त उष्णतेत रेणू एकमेकांना चिकटतात, तेल दाट होतं. कढईच्या बाहेरच्या काठावर तांबूस, चिकट, नखाने खरवडावा लागणारा थर बसतो ना? तो मळ नाही, ते तेलच आहे, एकमेकांत गुंतून घट्ट झालेलं. जुन्या वाड्यांच्या दारांना जवसाचं तेल लावत, आठवतं? ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवा घेऊन लाकडावर असाच पापुद्रा धरतं. रंगात जवसाचं तेल घालतात ते याच गुणासाठी. दाराला हा गुण चांगला, बोंड्याला नाही.

म्हणूनच ज्या घरात अजून जवसाचं तेल येतं, त्यांना माझं सांगणं की ते तळणाला वापरू नका. भाकरीवर, ठेच्यावर, वांग्याच्या भरतावर कच्चं घ्या.

डोळे चुरचुरतात त्याला कारण धुरातलं अॅक्रोलीन. तेलातलं ग्लिसरीन तापून तुटतं तेव्हा हा वायू निघतो, आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये जोरात तापलेल्या तेलात तळताना निघणाऱ्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. हे सांगून मी तुम्हाला घाबरवत नाही, कारण यावरचा उपाय स्वस्त आहे. धूर येऊच द्यायचा नाही. शेगडी आतल्या कोपऱ्यात असेल तर ती दाराजवळ, वाऱ्याच्या तोंडाशी आणा, पण वाऱ्याने ज्योत इकडेतिकडे जाणार नाही असा आडोसा ठेवून. सासूबाई कढईवर वाकून बसतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना उंच स्टूल द्या, तोंड कढईच्या थेट वर यायला नको.

आता मुलीचं दुसरं म्हणणं, रोज तेल फेकायचं. इथे मी तिच्याशी पूर्ण सहमत नाही. सरकारी नियम असा आहे : तेल तापून तापून त्यात जी बिघडलेली द्रव्यं तयार होतात, ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्याला वापरायचं नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून ही मर्यादा लागू केली. तेल वारंवार तापवू नका आणि वापरायचंच तर जास्तीत जास्त तीन वेळा, असा सल्लाही ते देतात. म्हणजे एकदा वापरलं की विष झालं असं नाही. पण तीन हा आकडाही आंधळेपणाने धरू नका. घरी चार पुऱ्या तळलेलं तेल आणि हॉटेलात सकाळी सहापासून अकरापर्यंत सतत जाळावर असलेलं तेल, दोन्ही 'एकदा वापरलेलं'च म्हणायचं का? पाच तासांचा जाळ म्हणजे घरच्या कित्येक तळणांइतका ताप.

आणि यजमानांना विचारा, 'फेकलं तर तोटा' हा हिशेब त्यांनी कधी कागदावर केला आहे का? मला शंका आहे की खरा तोटा दुसरीकडेच आहे. तेल दाट झालं की ते बोंड्यावरून नीट निथळत नाही, त्याला चिकटून राहतं, आणि बोंडा गार होताना ते आत ओढलं जातं. जुनं तेल वाचवायला जाता त्यात नवंच तेल जास्त जातं. घसा धरून गेलेलं गिऱ्हाईक परत आलं नाही तर तो तोटा वहीत लिहिला जात नाही, पण होतोच.

तुमच्या घरच्या पद्धतीतली मोठी खोट मला फेकण्या-न फेकण्यात दिसत नाही. कालचं तेल तळाशी ठेवून वरून नवं ओतायचं, आणि हे महिनोन्महिने, ती खरी खोट. दह्याला विरजण लागतं ना, तसं हे होतं. बिघडलेल्या तेलातली द्रव्यं नव्या तेलाच्या बिघडण्याला वेग देतात. सहा महिन्यांपूर्वीच्या तेलाचा अंश आजच्या कढईत आहे, कारण कढई पूर्ण रिकामी कधी झालीच नाही. तळण चालू असताना कमी झालेल्यात ताजं तेल घालत जाणं वेगळं, ते सगळेच करतात आणि त्यात वावगं नाही. पण दिवसाच्या शेवटी कढईचा तळ दिसला पाहिजे.

तो दिसावा यासाठी कढई लहान करा. माझ्या सगळ्या सल्ल्यात पैशाने सोपा आणि कामाला सगळ्यात जास्त येणारा हाच आहे. आज तुम्ही सकाळी पाच लिटर ओतता आणि दुपारी तीन लिटर उरतं, असं लिहिलंय. मग दोन-अडीच लिटरने सुरुवात करा, आणि बोंडे तेल पितील तसं ताजं घालत जा. शेवटच्या तासात नवं घालणं बंद करा. शेवटी उरलं लिटर-पाऊण लिटर तर तेवढंच उरेल. लहान कढईत घाणाही लहानच टाका. एकदम पंधरा बोंडे टाकले की तेल चटकन निवतं, मग जाळ वाढवला जातो, आणि घाणा काढल्यावर मोकळं तेल धुरायला लागतं. कढई अर्ध्याच्या वर कधी भरू नका. तापल्यावर तेल जवळपास दहाव्या हिश्श्याने फुगतं, वर घाणा पडल्यावरचा फेस वेगळा. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात जाळ बारीक करा. घाणा नसताना तेलाची कढई पूर्ण जाळावर धगधगत ठेवणं ही सगळ्या फाट्यांवरची सवय आहे, आणि तेल सगळ्यात जास्त त्याच वेळात खराब होतं.

उरलेलं लिटरभर तेल कोमट झालं की मांजरपाटाच्या दुहेरी कापडातून गाळा. तळाचा काळा चुरा कढईत राहू द्यायचा नाही, तो दर घाण्याला जळतो आणि तेल काळं करतो. गाळलेलं तेल स्टीलच्या कोरड्या डब्यात, झाकण लावून, उजेडापासून दूर ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, तेव्हा टिनाखाली ठेवलेलं तेल दोन दिवसांत वास मारायला लागतं. ते माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. पितळेची कढई असेल तर तळणाला नको, तांब्याचा अंश तेलाला फार लवकर खवट करतो. मीठ तळून झाल्यावर भुरभुरता येत असेल तर तसंच करा. आणि बेसनात सोडा चिमटीनेच घाला. तो जास्त झाला की तेलातल्या सुट्या आम्लाशी मिळून साबणासारखं द्रव्य होतं, आणि मग फेस येतो.

फेसावरून आठवलं. तेल संपलं हे ओळखायची उत्तम खूण फेसच. ताज्या तेलात बुडबुडे मोठे येतात आणि लगेच फुटतात. थकलेल्या तेलात ते बारीक, साबणाच्या फेसासारखे येतात आणि घाणा काढल्यावरही काठाला धरून राहतात. असा फेस दिसला, किंवा तळणाच्या नेहमीच्या जाळावरच धूर यायला लागला, किंवा झाऱ्यावरून तेल धारेऐवजी तारेसारखं ओघळलं, तर ते तेल त्या दिवशी संपलं. मग ते कितव्यांदा वापरलं हे मोजत बसू नका. काळसर रंगावर मात्र एकट्यावर विसंबू नका. समोशापेक्षा तिखट-हळदीच्या भज्यांनी तेल लवकर रंगतं, त्याचा अर्थ बिघडलं असाच नाही.

एक प्रयोग करा, सासूबाईंच्या समोर. काचेच्या एका पेल्यात डब्यातलं कोरं तेल, दुसऱ्यात कढईतलं गाळलेलं. दोन्ही पेले दारातल्या उन्हात धरा. मग त्यांना दोन्हीचा वास घ्यायला सांगा, आणि बोटांत थेंब घेऊन चोळायला सांगा. तुम्ही काही बोलू नका. इतकी वर्षं लोकांना खाऊ घालणाऱ्या बाईचं नाक आणि बोट तिला कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त पटेल.

बाद झालेलं तेल नालीत ओतू नका, नाली तुंबते. जनावरांच्या ढेपेत मिसळू नका. आणि ते स्वस्तात मागायला कोणी हातगाडीवाला आला तर त्याला मुळीच देऊ नका, ते परत कोणाच्या तरी ताटात जाईल. २०१८ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाची वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजना आहे. गोळा करणारे लोक फाट्यावर लिटरभरासाठी येणार नाहीत, हे खरं. पण फाट्यावरच्या चार-पाच हॉटेलांनी मिळून एक कॅन भरला तर जिल्ह्याच्या ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारायला जागा आहे. तोवर थोडंथोडकं असेल तर राखेत किंवा लाकडाच्या भुशात जिरवून, विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरा. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र ढीग करून कोपऱ्यात टाकू नका, विशेषतः जवसाच्या तेलाच्या. त्या हवेने आपोआप तापतात आणि कधी कधी पेटतात.

हे पत्र वाचणाऱ्या ज्यांचं हॉटेल नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. घरी फोडणीलाही धुराची गरज नसते. मोहरी टाकून बघा. तिच्या आतल्या ओलाव्याची वाफ झाली की ती तडतडते, तीच तुमची खूण. तडतडणारी मोहरी ही आपल्या आज्यांनी घराघरांत ठेवलेली तापमापकाची काडी आहे. सणाला तळण झाल्यावर उरलेलं तेल गाळून दोन-चार दिवसांत भाजी-फोडणीला संपवा, पुढच्या सणाच्या तळणासाठी राखू नका.

आगीची तयारी आजच करून ठेवा. कढईच्या तोंडापेक्षा मोठं, जड, सपाट झाकण शेगडीच्या हाताशी, खिळ्याला टांगलेलं असू द्या. धूर दिसला की आधी गॅस बंद. भडका उडाला तर झाकण समोरून सरकवत घाला, वरून टाकू नका. कढई उचलून बाहेर न्यायला कोणी धावलं तर थांबवा, त्या धावपळीतच तेल सांडून अंग भाजतं. झाकण लगेच उघडून बघू नका. आत हवा गेली की तापलेलं तेल पुन्हा पेटतं, ते पूर्ण निवेपर्यंत तसंच राहू द्या. ओलं पोतं टाकायची जुनी पद्धत आहे, पण पोत्यातून पाणी टपकलं तर तुम्हाला आता माहीत आहे काय होतं. आणि अंगावर तेल उडालं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, घड्याळ लावून. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई काही नको. भाजलेलं तळहाताएवढं असेल, किंवा तोंडावर, डोळ्यांजवळ असेल, तर १०८ ला फोन करा. बादली घेऊन धावलेल्या त्या शेजारच्या पोरालाही हे सगळं एकदा समजावून सांगा. पुढच्या वेळी पहिला तोच पोचेल.

सासूबाईंच्या खोकल्याबद्दल तुम्ही लिहिलंय की "धुराचाच असेल, वयही झालं." धूर कमी केल्यावर आराम पडेल अशी मला आशा आहे. पण दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर त्याला धुराचा म्हणून सोडून देऊ नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन थुंकी तपासून घ्या, तिथे क्षयाची तपासणी आणि औषध दोन्ही फुकट मिळतं. बाजाराचा दिवस टाळून सकाळी लवकर जा. त्या दिवशी पहिला घाणा तुमच्या मुलीला काढू द्या.